डावीकडची थप्पी

शेतीपानावर मी एकदा सहा ओळींचा खुलासा छापला होता. त्यातली चौथी ओळ खोटी होती. ती अशी: "सदर माहिती मूर्तिजापूर येथील एका नेट केंद्रचालकाने पुरवली असून प्रमाणातील चूक त्यांच्याकडून झालेली आहे." मूर्तिजापुरात तेव्हा नेट केंद्रं दोनच होती आणि त्यातल्या एकात कॉलेजची पोरं फक्त गेम खेळायची. त्यामुळे नाव छापलं नाही तरी ते कोणाला विचारत बसावं लागलं नाही.

त्या माणसाचं नाव हबीबभाई. गाव त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचं.

मी आता ऐंशीच्या जवळ आलो आहे. माझ्या खुलाशाचा खुलासा छापायला ते वर्तमानपत्रही उरलेलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. नुसती ओळ दुरुस्त करून भागणार नाही. ती ज्याच्या नावावर टाकली तो माणूस कसा होता हे सांगितलं तरच ती ओळ केवढी होती ते कळेल.

सरकारी कापूस खरेदी केंद्रावर हबीबभाईंनी वीसेक वर्षं ग्रेडरची नोकरी केली. दिवाळीनंतर केंद्राच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची. प्रत्येक गाडीतल्या कापसाची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. गाडीतला वरचा कापूस ते पाहायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात खुपसून तळातला झुबका बाहेर काढायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे, सुटलेले तंतू काळ्या बाहीवर ठेवून त्यांची लांबी बघायचे आणि एकच शब्द बोलायचे. त्या शब्दावर भांडणं व्हायची. पण कोणाचं तोंड पाहून त्यांनी तो फिरवला असं मी तरी कधी ऐकलं नाही.

चिमटीची सवय शेवटपर्यंत गेली नाही. नवा माणूस भेटला की हात मिळवता मिळवता त्याच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून बघायचे. माझ्या एका आवडत्या सदऱ्याला त्यांनी भर स्टेशनवर नापास केलं होतं. म्हणाले, "वानखडेभाऊ, यात फरदडीचा माल हाय." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर झाडाला राहून गेलेल्या बोंडांचा, आखूड धाग्याचा कापूस. तो सदरा पुढे मी मूर्तिजापुरात घातला नाही, फक्त अकोल्यात घालायचो.

मग सरकारी खरेदी आटत गेली. खाजगी व्यापारी आले, केंद्राच्या फाटकाला कुलूप लागलं आणि हबीबभाई वेळेआधी घरी बसले. त्यांची मुलगी शबाना अमरावतीला एका कॉलेजात संगणक शिकवायची. तिने दोन संगणक आणून घराच्या पुढच्या खोलीत मांडले, टेलिफोनची तार जोडली आणि बाहेर पाटी लावली: हबीब नेट सेंटर. बापाला तिने एका रविवारी बसवून शोध कसा घ्यायचा ते शिकवलं आणि सगळ्या खुणा एका वहीच्या पानावर लिहून भिंतीला चिकटवून ती संध्याकाळच्या गाडीने गेली. हबीबभाईंचं इंग्रजी कापसाच्या गाठींवरचे शिक्के वाचण्याइतकंच होतं. पण त्या पानावरचं सगळं त्यांनी आपल्या कामाच्या भाषेत बसवून घेतलं.

दोन-तीन शब्द एकत्रच सापडायला हवे असतील तर त्यांच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं द्यायची, असं शबानाने लिहिलं होतं. हबीबभाई त्याला पट्टी मारणं म्हणायचे. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठीला लोखंडी पट्टी मारतात तशी. "पट्टी नाई मारली तं शब्द सुटे उडतात. एक नागपुरात पडते, एक अमेरिकेत." नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह द्यायचं, ते त्यांच्या लेखी सरकी काढणं होतं. आणि ठरावीक संस्थांच्याच पानांत शोधायचं असेल तर पत्त्याचं शेपूट जोडायचं, म्हणजे माल कोणत्या जिनिंग कारखान्यातून यावा ते आधीच सांगून ठेवायचं.

मी अकोल्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. राहायला मूर्तिजापुरात, रोज रेल्वेने जाणं-येणं. शनिवारचं शेतीपान माझ्याकडे होतं. बीटी बियाणं नुकतंच गावोगाव पसरलं होतं आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचायला मन धजत नसे असे ते दिवस. आमच्या ऑफिसात इंटरनेट होतं, पण ते संपादकांच्या केबिनमध्ये. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी मी हबीबभाईंकडे जायचो.

त्यांच्याकडे गेलं की लगेच संगणकापुढे बसता येत नसे. दाराजवळ एक बाकडं होतं. आधी तिथे बसायचं आणि काय शोधायचं आहे ते तोंडाने सांगायचं. हबीबभाई खरेदी केंद्रावरचे उरलेले छापील फॉर्म पाठकोरे वापरत. त्यावर मधोमध उभी रेघ मारून एका बाजूला 'पाहिजे' आणि दुसऱ्या बाजूला 'नको' लिहायचे. आणि भरायला सुरुवात 'नको'पासून.

बी.एस्सी.च्या एका मुलीला कपाशीवरच्या बोंडअळीवर प्रकल्प लिहायचा होता. तिने घाईघाईने इंग्रजीत 'कॉटन' एवढंच टाकायला सांगितलं. हबीबभाईंनी तिचं ऐकून तेवढंच टाकलं. पडद्यावर शर्ट, चादरी, बाळाचे लंगोट, कान साफ करायच्या काड्या असं एक अख्खं दुकान उघडलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पाह्य बेटा, किती जणं आले. लाखात हायेत. कोनाशी बोलू मी?"

"काका, कापसाची अळी पाहिजे."

"अळी पाहिजे हे समजलं. काय नको थे सांग."

"कपडे नको."

"बरं. आनखी?"

"विकायचं काही नको. औषध कंपनीची जाहिरात नको."

"आता कशी बोलली. अळी कोनती? हिरवी, ठिपक्याची का गुलाबी?"

"गुलाबी."

"आपल्या इकडची, का कोनच्याही मुलखातली?"

मुलगी प्रत्येक उत्तराला थोडी शरमत होती, जणू तोंडी परीक्षा चालली आहे. 'नको' भरत गेलं, 'पाहिजे' लहान पण नेमकं झालं, पट्टी मारली गेली, आणि लाखांचे चाळीस झाले. मग हबीबभाईंनी जे केलं ते मी पुढे अनेकदा पाहिलं. पहिल्या पानावरच्या पहिल्या चार-पाच ओळी सोडून ते सरळ खाली गेले, तिथून दुसऱ्या पानावर.

"वरचे का नाही पाहिले?" मुलीने विचारलं.

"वरचा माल दाखवाले ठेवला असते. चांगला बी असते, पन आधी बुडातला पाहाचा. मंग वर याचं."

छापलेल्या कागदांचीही त्यांची एक रीत होती. टेबलाच्या डाव्या हाताला एक थप्पी, तिच्यावर दोन किलोचं लोखंडी वजन. पडद्यावरून आले पण अजून नजरेखालून गेले नाहीत ते कागद त्यात. प्रत्येक कागदाला ते तीन गोष्टी विचारायचे: कोण बोलून राहिलं, कधी बोललं, आणि कोणत्या जमिनीवर उभं राहून बोललं. उत्तरं मिळाली की कोपऱ्यात पेन्सिलने एक बारीक 'ह' काढून कागद उजव्या थप्पीत जायचा. घरी न्यायचा तो उजवीकडचाच. वजनाला हात लावलेला त्यांना खपत नसे. मला हे माहीत होतं. इतरांपेक्षा जास्त माहीत होतं, कारण ती रीत मीच एकदा कौतुकाने संपादकांना सांगितली होती.

गुलाबराव म्हणून अंजनगावकडचे एक बागायतदार होते. थोडी संत्र्याची बाग, बाकी कपाशी. शकुंतलेने, म्हणजे अचलपूरच्या छोट्या गाडीने, मूर्तिजापूरला बहिणीकडे यायचे. एकदा संत्र्याची गळ फार झाली म्हणून हबीबभाईंच्या बाकड्यावर येऊन बसले. गळ कधीपासून, फळ केवढं असताना, देठापासून की देठासकट, पाणी साचून जमीन चिभडते का, पाणी कसं देता, असे हबीबभाईंचे प्रश्न सुरू झाले. वीसेक मिनिटं झाली तरी संगणक सुरूच होईना.

"ग्रेडरसाहेब, मी काय कोर्टात आलो का?" गुलाबराव वैतागून म्हणाले.

"कोर्टात तं तारीख भेटते. इथी उत्तर पाहिजे ना तुमाले?"

"आमच्या अंजनगावच्या सेंटरवर तं पोट्टे दोन मिनिटात कागद काढून देतात म्हन्ते."

"देतात. कोनच्याही झाडाचा देतात."

तासाभराने चार पानं उरली. हबीबभाई ती शब्दकोश घेऊन वाचत बसले. एक पान लिंबाचं निघालं, एक वाळूच्या जमिनीचं, एकाच्या खाली कोणाचं नावच नव्हतं. चौथं फार जुनं होतं. त्यांनी चारही कागद डावीकडे ठेवले, त्यावर वजन ठेवलं आणि म्हणाले, "नाई सापडलं, गुलाबराव. तुमच्या बागेचं उत्तर यात नाई. अमरावतीले जा, शबानाच्या कॉलेजाजवळ कृषी खात्याचे एक साहेब बसतात, त्याइले फळ आन् फांदी घेऊन दाखवा." पत्ता लिहून दिला.

गुलाबराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाहा भाऊ, एवढा वेळ बसवलं, आन् हाती काय दिलं? बसचं तिकीट." पण गेले ते अमरावतीला. आणि पुढे जेव्हा यायचे तेव्हा बाकड्यावर बसण्याआधीच 'नको'ची यादी म्हणायला लागायचे.

आता त्या शुक्रवारचं सांगतो.

त्या वर्षी कपाशीवर लाल्या आला. हिरवी पानं कडेपासून तांबडी होत जातात आणि बोंडं भरायच्या ऐन वेळी झाड थकतं, त्याला आमच्याकडे लाल्या म्हणतात. ऑफिसात रोज फोन यायचे. संपादक म्हणाले, शनिवारच्या पानावर उपाय पाहिजे, ठळक, चौकटीत. मी गुरुवारी हबीबभाईंना काम सांगून आलो. शुक्रवारी दुपारी गेलो तेव्हा ते नमाजासाठी निघत होते. डोक्यावर टोपी, अंगात पांढरा कुडता.

"झालं का?"

"पाच-सहा भेटले. एक चांगला वाटून राहिला, पन त्यात एक गोष्ट मले समजली नाई. मी येतो अर्ध्या-पाऊन तासात. बसा तुमी. शबानाच्या आईले चहा सांगा."

ते गेले. माझी अकोल्याची गाडी वीस मिनिटांत होती. पुढची दोन तासांनी. त्या दोन तासांत काही बिघडलं नसतं. पान संध्याकाळी लागायचं. पण मला त्या दिवशी ऑफिसात लवकर पोचून संपादकांना दाखवायचं होतं की मी आणलं.

मी वजन उचललं. वरचाच कागद तो होता. इंग्रजी, नीट छापलेला, वर कपाशीच्या पानाचं चित्र. युरिया आणि मॅग्नेशियमचं द्रावण, दर लिटरला किती ग्रॅम ते स्पष्ट दिलेलं. एकरी पाणी किती त्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल काढला होता आणि बाजूला हबीबभाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "पाणी इतकं कमी काहून?" कोपऱ्यात 'ह' नव्हता. मी कागद घडी करून पिशवीत टाकला, वजन जागच्या जागी ठेवलं आणि स्टेशनवर गेलो.

गाडीत भाषांतर केलं. पाण्याचा आकडा मलाही विचित्र वाटला. एकराला तेवढ्याशा पाण्यात पाठीवरचा एक पंपही भरत नाही. तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस मी. मला वाटलं, छपाईची चूक. असल्या चुका मी रोज दुरुस्त करायचो. मी ती ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी लिहिलं: "पाणी नेहमीच्या प्रमाणात घ्यावे." द्रावण किती कडक करायचं तो आकडा मात्र तसाच ठेवला. शनिवारी चौकट छापून आली. छान दिसत होती.

मंगळवारपासून फोन आले. पानं लाल होती ती काळी पडली होती. कडा जळून कागदासारख्या कुरकुरीत झाल्या होत्या, पात्या, म्हणजे फुलकळ्या, गळत होत्या. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, सगळीकडून तेच. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माहिती कुठून आली, एवढंच विचारलं. मी म्हणालो, मूर्तिजापूरच्या नेट सेंटरवरून. ते खरंच होतं. ते म्हणाले, मग तसं लिहा. चूक कोणाकडून झाली तेही लिहा, नाहीतर लोक पेपरावर येतील. मी तिथेच उभ्या उभ्या सहा ओळी लिहिल्या.

खुलासा छापून आल्यावर सोमवारी मी हबीबभाईंकडे गेलो. काय बोलणार होतो ते मलाच माहीत नव्हतं. ते एकटेच बसले होते. दोन्ही संगणक बंद, वीज गेलेली. पेपर टेबलावर होता. त्यांनी चौथ्या ओळीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

"वानखडेभाऊ, थो कागद मले परत आनून द्या."

"कोणता?"

"डावीकडचा. त्याच्या खालच्या अंगाले पत्ता छापला असते ना, थो पाहिजे. मले पाह्याचं हाय, पानी कमी काहून होतं."

कागद माझ्या पिशवीत होता. पिशवी माझ्या खांद्यावर होती. त्यावर त्यांचा गोल होता, त्यांचा प्रश्न होता, आणि 'ह' नव्हता. तो टेबलावर ठेवला असता तर कोणालाही सगळं समजलं असतं.

"प्रेसमध्ये फेकला गेला," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "पुन्हा हुडकतो."

तेवढ्यात गुलाबराव आले. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जळलेली पानं होती. ती त्यांनी टेबलावर ओतली. मला पाहून मान हलवली, पण बोलले हबीबभाईंशी.

"ग्रेडरसाहेब, मले संत्र्याच्या वक्ताले तासभर बसवलं. लिंबाचा कागद हाय म्हनून बाजूले ठेवला. आन् हे पास केलं तुमी?"

हबीबभाईंनी एक पान उचलून चिमटीत धरलं. त्याचा भुगा झाला. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. मी तयारच होतो. मला वाटतं, त्यांनी बघितलं असतं तर मी बोललो असतो. निदान इतकी वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो आहे.

"माह्या सेंटरातून गेला ना कागद?" ते म्हणाले.

"पेपरात तं तसंच लिवलं हाय."

"मंग माह्याच हाय. फाटकाबाहेर गेलेली गाठ ग्रेडरची असते. बाहेर कशी गेली, कोनं नेली, थे कोनी नाई इचारत."

"थे सरकारी केंद्रावर. इथी काय संबंध?"

"फाटक बदललं, गुलाबराव. मानूस थोच हाय."

गुलाबराव म्हणाले, "तुमच्यावर भरवसा होता जी. पेपरवर नव्हता." आणि गेले. पानं टेबलावरच राहिली.

त्या आठवड्यात बाकड्यावर कोणी बसलं नाही. हबीबभाई मात्र शोधत होते. वीज येईल तेवढे तास. मी रस्त्याने जाता-येता बघायचो, आत जायचो नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच मला हाक मारली. डोळे लाल झाले होते, पण चेहरा खुलला होता, कापसाच्या गाडीत तळाचा झुबका अगदी पहिल्या प्रतीचा निघाल्यावर खुलायचा तसा.

"या, या. तुमचं पानी सापडलं."

पाठकोऱ्या फॉर्मवर 'नको'चा रकाना भरून मागच्या छापील बाजूवर गेला होता. आधी त्यांनी लाल्याच्या इंग्रजी नावाला पट्टी मारून शोधलं, ते ढीगभर आलं. मग युरिया जोडला. मग आपल्याकडची पानं वजा केली, कारण एवढं कमी पाणी आपल्याकडचा कोणी लिहिणार नाही असं त्यांना वाटलं. मग कंपन्या वजा केल्या. उरलं त्याला परदेशातल्या शिक्षणसंस्थांच्या पत्त्याचं शेपूट जोडलं आणि 'एकरी पाणी' हे शब्द पट्टीत बांधून टाकले. सात पानं आली. सातवं उघडलं तर त्यात एक फोटो होता. नजर जाईल तिथपर्यंत सपाट कपाशी आणि तिच्यावरून अगदी कमी उंचीवर उडणारं एक पिवळं विमान. मागे पांढरी धार.

"इमान," हबीबभाई म्हणाले. "तठी फवारनी इमानानं होते, वानखडेभाऊ. वरून नुसतं धुकं पाडतात. म्हनून पानी कमी, आन् औषध कडक. पाठीवर पंप घेनारा तठी कोनी नाईच, म्हनून कशानं फवाराचं थे लिवाची त्याइले गरजच नाई पडली. त्याइचं काई चुकलं नाई. आपल्या पंपातून तेवढं कडक मारलं तं पानाची आंघोळच झाली ना. जळनारच."

पाण्याची ती ओळ जशीच्या तशी छापली असती तर अडाण्यातल्या अडाणी माणसानेही फवारणी करण्याआधी कोणाला तरी विचारलं असतं. ती ओळ मी काढली होती.

"हे छापा," ते म्हणाले. "माह्यं नाव कसंबी असू द्या. पन लोकाइनं तुमची चौकट कापून भिंतीले चिकटवली हाय. पुढच्या साली लाल्या येईन तं पुन्हा तेच मारतीन."

मी तो मजकूर लिहिला आणि संपादकांकडे नेला. ते म्हणाले, विषय संपला आहे, उकरू नका. मी आग्रह धरला नाही. आग्रह धरला असता तर पाण्याच्या ओळीचं काय झालं तेही निघालं असतं. हबीबभाईंना मी सांगितलं की जागा नव्हती. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तो पेन्सिलचा गोल असलेला कागद अजून माझ्याकडे आहे. हे लिहिताना समोर ठेवला आहे. म्हणून जे खुलाशात लिहायला हवं होतं ते आज लिहितो. हबीबभाईंनी तो कागद पास केला नव्हता. त्यातली शंका त्यांनी लिहून ठेवली होती. कागद मी न विचारता उचलला, शंका मी वाचली, आणि ती ज्या ओळीवर होती ती ओळ मीच काढून टाकली. कागद प्रेसमध्ये फेकला गेला हे मी त्यांना खोटं सांगितलं.

ते वर्ष संपायच्या आत सेंटर बंद झालं. पाटी उतरली, संगणक शबाना अमरावतीला घेऊन गेली आणि काही दिवसांनी आई-वडिलांनाही. मी त्याच सुमारास अकोल्याला घर घेतलं. हबीबभाई वारल्याचं मला दोन वर्षांनी, कोणाच्या तरी बोलण्यात कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते स्टेशनवर. जागा नव्हती असं मी त्यांना सांगितलं त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, सकाळी. शकुंतला फलाटाला लागली होती. हबीबभाईंच्या एका हातात खळीचा डबा आणि दुसऱ्या हातात हाताने लिहिलेल्या कागदांची गुंडाळी. अचलपूरपर्यंतच्या प्रत्येक स्टेशनवर ते एकेक कागद लावणार होते, हे मला नंतर कळलं. पहिला त्यांनी तिकीटखिडकीशेजारी लावला आणि तळहाताने सारखा केला. मी पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो.

डोक्यावर टोपली असलेली एक बाई थांबली. "काय लिवलं जी?"

त्यांनी बोट ठेवून तिला सगळं वाचून दाखवलं. पेपरातल्या चौकटीतली फवारणी करू नका. ती विमानाची आहे, पंपाची नाही. चौकट घरात चिकटवली असेल तर फाडून टाका. मग शेवटची ओळ: ही चूक मूर्तिजापूरच्या हबीब नेट सेंटरमधून झाली, माफी असावी.

"थो हबीब कोन व्हय?"

"मीच."

बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग सोताच काहून सांगत फिरून राहिले, भाऊ?"

"दुसरं कोन सांगन, बाई?" ते म्हणाले. खळीची बोटं त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्याला पुसली, डबा उचलला आणि गाडीत चढले.

मोठ्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची घंटा झाली. मी टाकीआडून बाहेर आलो आणि जिना चढून माझ्या गाडीकडे गेलो.